उधारीच्या वहीचं मागचं पान

जयगडला जेट्टीच्या वर माझी खानावळ.
या मोसमात दोघं वहीवर जेवतात.
रोडेल, कोळशाच्या बोटीवरचा,
दाढ काढायला उतरवला आणि बोट पुढे निघून गेली.
दुसरे टर्बाइनवाले साहेब, चेक देशाचे.
आडनाव लिहायला घेतलं तर पेन अडलं,
एकही स्वर नाही त्यात.
पाय मोडून मोडून बसवलं: व्ल्क्.
अर्थ विचारला, म्हणे लांडगा.
माणूस बांगड्याच्या काट्याला घाबरतो.

म्हणाले, आमच्यात अख्खं वाक्य असतं असं,
स्त्र्च् प्र्स्त् स्क्र्स् क्र्क्.
घशातून बोट घाल.
मी म्हटलं, काटा अडकला तर आम्हीही घालतो,
पण आधी सुक्या भाताचा गोळा.

रोडेल सुजल्या गालाने हसला.
त्याचा एक शब्द मी लिहून घेतलाय,
नाकाकापागपाबागाबाग.
म्हणजे, जिवाला घोर लावणारं.
तवसाळची फेरीबोट सुटून परत लागते
तरी तो शब्द तोंडातच.

मला वाटायचं, साहेब लांबचे.
एकदा चुलीशी आले, बोट दाखवत सुटले:
विस्तव, ओहेन्य.
धूर, दीम.
वर आभाळ, नेबे.
अग्नी, धूम, नभ. मी पळी खाली ठेवली.
वर म्हणाले, विभक्त्या सात.
आमच्या आठ, मी म्हटलं,
नववीत बामणे बाईंनी छडीवर मोजून घेतल्यात.
सस्यासारखा गोरा माणूस,
आणि चुलीपाशी घरातलाच निघाला.

रोडेलचं तसं काहीच जुळत नव्हतं.
त्याच्यात तो आणि ती एकच, सिया.
बायको आली की नवरा आला, कळायचं कसं?
(विचारलं. म्हणाला, येतं ते माणूस.)
मग एका रात्री फोनवर घरी बोलता बोलता
त्याने ताट पोटाशी ओढलं: कामी.
ताट मध्ये सरकवलं: तायो.
कामी म्हणजे आम्ही, तू नाहीस.
तायो म्हणजे आपण, तूही ये.
मी ओरडलेच.
आमच्याकडे आहे हे! आम्ही, आपण!
साहेब बघत राहिले.
त्यांच्याकडे दोन्हीला एकच, आणि उच्चार काय, तर मि.
मी म्हणतात आणि त्यात गाव बसवतात.
तीनदा ताट सरकवून दाखवलं.
तिसऱ्यांदा त्यांनी त्यातली भाकरी घेतली.

साहेबांच्या देशाला समुद्र नाही.
भेटले की म्हणतात मात्र आहोय,
डेकवर उभं असल्यासारखं.
लाटेला म्हणतात व्ल्ना. लोकरीलाही व्ल्ना.
मे संपत आला, खाडीच्या तोंडाशी पाणी पिंजत होतं,
मी पाहिलं,
आणि अडचण अशी, की आता मला तशीच दिसते.

परवा हिशेब करायला बसलो.
रोडेल म्हणाला, नऊ बुवान झाले घर सोडून.
बुवान म्हणजे महिना, आणि बाहेर बोट करून, तोही.
साहेब खुर्चीतून उठले:
आमचंही तेच! म्नेसीत्स!
चंद्रही तोच, महिनाही तोच.
दोघांनी हात मिळवले, जसा काही सोयरेपणा ठरला.
माझ्या वहीत महिना म्हणजे बाकी.
दिलावर सोहारला टगवर आहे.
त्याचे मी महिने मोजते,
चंद्र कधी मोजले नव्हते.

काल रोडेलला बोट मिळाली.
पैसे चुकते केले, वर वाळलेला आंबा ठेवला.
तो मला आते म्हणायचा.
मी आपली बापाची बहीण समजून वाढत राहिले.
लाँचवर चढताना कळलं, त्यांच्यात आते म्हणजे मोठी बहीण.
लाँच सुटली तेव्हा ओरडला,
आते, कुमाईन का ना?
साहेबांनी मला विचारलं, काय म्हणतोय?
मी म्हटलं, जेवलीस का.
अडीच वाजले होते.
जेवले नव्हते.